फक्कीच्या घरातलं भांडण

आमच्या भावजींना या भागात सगळे 'खुर्चीवाले' म्हणतात. ते खुर्च्या विकत नाहीत की विणत नाहीत. तरी अधूनमधून एखादा माणूस मोडकी खुर्ची डोक्यावर घेऊन त्यांच्या ऑफिसच्या दारात उभा राहतोच, आणि भावजी हात जोडून त्याला पुढच्या चौकातला सुतार दाखवतात. भावजींचा धंदा घरांचा. लोक जमीन घेऊन येतात, हे कागदावर घर काढून देतात, मग गवंडी ते उभं करतो. पाटीवर 'वास्तुविशारद' असं लिहिलंय. तो शब्द मला एका दमात म्हणता येत नाही, म्हणून मी आपली 'घरं काढणारे' म्हणते.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एक बोळ आहे, आणि त्यांच्या स्वयंपाकघरात काय चाललंय ते मला माझ्या ओसरीत बसून ऐकू येतं. मी कान लावून बसते असं कोणी समजू नये. बोळच अरुंद आहे.

खुर्चीवाले हे नाव पडलं ते त्यांच्या कामाच्या पद्धतीमुळे. नवं गिऱ्हाईक आलं की भावजी चष्मा पुसत विचारायचे, "घर कुठून सुरू होतं?" कोणी म्हणे पायापासून, कोणी म्हणे दारापासून. भावजी मान हलवायचे. "घरातला कर्ता संध्याकाळी जिथे बसतो, तिथून." मग कोऱ्या कागदावर पहिल्यांदा एक चिमुकला चौकोन काढायचे. ती कर्त्याची खुर्ची. तिथून फाटक दिसलं पाहिजे, जिना दिसला पाहिजे, स्वयंपाकघराचं दार दिसलं पाहिजे. पोरगी कुठे निघाली, पोरगा कधी आला, पाहुण्यांना चहा मिळाला की नाही, सगळं न उठता कळलं पाहिजे. भिंती नंतर. त्या खुर्चीच्या सोयीने.

एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होतं. पण जमिनीवर आखणी करायची वेळ आली, की भावजी एक घडीची खुर्ची स्कूटरला मागे बांधून जागेवर न्यायचे. मैदानावर आखतात तशी पांढरी फक्की ओतून जमिनीवर अख्खं घर आखायचं, ही खोली, ही मोरी, हे दार, आणि नेमक्या जागी खुर्ची मांडून कर्त्याला बसवायचं. भर उन्हात, मोकळ्या माळावर, आजूबाजूला काही नाही, आणि मधोमध एक गृहस्थ खुर्चीत बसून इकडेतिकडे बघतोय. त्याने मान डोलावली की काम सुरू. एका किराणा दुकानदाराला तर अंगात आलं होतं. खुर्चीत बसल्या बसल्या त्याने फक्कीच्या स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बायकोला हाक मारली, "पाणी आण!" ती म्हणाली, "नळ कुठेय?" तो म्हणाला, "तुझ्या डाव्या हाताला दाखवलाय की!"

अशी भावजींनी किती घरं काढली असतील, या भागातल्या निम्म्या गल्ल्या त्यांच्याच. आणि गंमत म्हणजे लोक बदलत गेले तसतशी ती खुर्ची सरकत गेली. आधी ती फाटकाकडे तोंड करून होती. मग घरोघर टीव्ही आला आणि खुर्ची वळली. भावजींना ते फार लागलं. म्हणाले, "वहिनी, कर्ता आता घराकडे पाठ करून बसणार!" मग स्वयंपाकघराची भिंत जायला लागली. सुना नोकऱ्या करायला लागल्या, दमून आल्यावर एकटीने आत राबायचं नाही म्हणाल्या, तेव्हा ओटा बाहेरच्या खोलीला जोडून आला. पहिल्यांदा एका घरात नवराच भाजी चिरणार आहे असं कळलं, तेव्हा भावजी त्याच्या उंचीचा ओटा काढायला बसले आणि दोन दिवस घरात कोणाशी बोलले नाहीत. नंतर पोरांच्या खोल्यांना कड्या आल्या. नंतर पोरं परदेशी गेली आणि त्या खोल्यांत इस्त्रीचे कपडे राहायला आले. भावजींनी हे सगळं कुरकुरत का होईना, केलं. पण खुर्ची सोडली नाही. कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात तो चिमुकला चौकोन असायचाच.

त्यांची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, बापाच्याच धंद्यात शिकली आणि डोक्यात मोठमोठे शब्द घेऊन परत आली. ती 'जागा' म्हणत नाही, 'अवकाश' म्हणते. मला आवडतं ते. 'अवकाश' म्हटलं की आमची मोरीसुद्धा जरा ऐसपैस वाटते. ती बापाला म्हणायची, "बाबा, तुमच्या प्रत्येक नकाशात सत्तेचा अवकाश आहे."

"कुठे आहे? मी तर अडगळीलासुद्धा जागा ठेवत नाही," भावजी म्हणायचे.

"तो चौकोन, बाबा! एकाने बसायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या नजरेसमोरून जायचं. कुटुंबं आता तशी राहिलीत का?"

"कुटुंब कसंही असू दे. बसतं तर खालच्याच बाजूने ना?"

असं रोज चालायचं. त्यातच पुतणीला दूरच्या एका मोठ्या कंपनीत नोकरी चालून आली. तिचं मन होईना आणि बापाबरोबर जमेना. त्याच आठवड्यात ऑफिसात तीन बायका आल्या.

तिघी साठीच्या पुढच्या, तिघी एकमेकींच्या कोणी नाहीत. म्हणजे नात्याने. एक निवृत्त नर्सबाई, आवाज असा की पुढच्या वॉर्डातल्या पेशंटनेही गोळी घ्यावी. एक शिवणबाई, कपडे शिवणारी, तोंडात सदा टाचण्या, त्यामुळे बोलणंही टोचून. आणि तिसरी ग्रंथपालबाई. ती आयुष्यभर लायब्ररीत 'शांतता राखा' या पाटीखाली बसली होती, त्यामुळे बोलायची इतकं हळू, की ऐकायला माणसाने वाकावं. तिघी बरीच वर्षं एका माडीवर भाड्याने राहत होत्या. आता मिळून जागा घेतली होती आणि घर बांधायचं होतं.

भावजींनी चष्मा पुसला. "घरातला कर्ता कोण?"

"माझा वारला," नर्सबाई म्हणाली.

"माझा मी सोडला," शिवणबाई म्हणाली. "त्याने सोडलं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका."

ग्रंथपालबाई काहीतरी बोलली. भावजी वाकले. "मी कधी शोधलाच नाही," ती पुन्हा म्हणाली.

भावजींची पेन्सिल कागदावर टेकली ती टेकलेलीच राहिली. चौकोन कुठे काढायचा?

त्या दिवशी घरी आल्यावर पुतणीने बापासमोर खुर्ची ओढली. हे मला जावेने सांगितलं, आणि जाऊ मीठमसाला लावत नाही, तेवढा तिला वेळच नसतो. पुतणी म्हणाली, "बाबा, हे घर तुम्ही काढा. मी एक रेघ मारणार नाही. त्या तिघींना पटलं तर मी नोकरीला नाही म्हणते, इथे आपण दोघं मिळून चालवू. नाही पटलं तर मी जाते, आणि आपण पाटी उतरवू. तुम्ही आता घरी बसा."

"घरी बसा" हे ऐकून भावजींचा चेहरा उतरला. पण त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माझ्या जावेचा त्याहून जास्त उतरला.

पहिला नकाशा भावजींनी चार दिवसांत केला. एक कर्ता नाही ना, मग तीन! खिडकीपाशी ओळीने तीन खुर्च्या, तिन्हींना सारखं फाटक दिसेल अशा. नर्सबाईने कागद हातात धरला आणि म्हणाली, "हे काय, ओपीडी का? नंबर कोण पुकारणार?"

दुसरा नकाशा करताना भावजींनी हुशारी केली. खुर्ची कुठेच दाखवली नाही. मोठी मधली खोली, भोवती तीन खोल्या, सगळं गोडगोड. पण सवय कुठे जाते? नर्सबाईचा आवाज सगळ्यात मोठा, तेव्हा हीच कर्ती असणार असं त्यांनी मनाशी धरलं आणि फाटकाकडची ऐसपैस खोली तिला दिली. शिवणबाईने कमरेची टेप काढली, कागदावर लावली आणि टाचण्यांतून म्हणाली, "हिच्या खोलीला खिडक्या दोन, माझ्या खोलीला एक. हिला काय, मोतीबिंदू जास्त आहे?"

"मी काही बोलले का?" नर्सबाई कडाडली.

"तू न बोलताच एवढी मोठी खोली मिळाली. बोलली असतीस तर आम्ही दोघी अंगणात!"

भावजी कागद गुंडाळून घरी आले आणि जेवले नाहीत. जाऊ बोळातून माझ्याकडे आली. "ताई, काहीतरी करा हो. हे घरी बसले तर मी कुठे बसू?"

मी काय करणार? चौथीत शाळा सुटली ती पुन्हा भेटली नाही. पण दुसऱ्या दिवशी भावजी स्वतःच माझ्या दारात आले. "वहिनी, टेपचं दुसरं टोक धरायला याल का? आखणी करून बघतो. जमिनीवर उभं राहिलं की माणसाला खरं काय ते कळतं. लेकीने तर हात लावायचा नाही म्हटलंय." मी छत्री घेतली आणि निघाले. स्कूटरच्या मागे ती घडीची खुर्ची बांधलेली होती. मी म्हटलं, "भावजी, हिच्यावर कोण बसणार?" त्यांनी खुर्चीकडे असं बघितलं, जशी ती आपणहून चढून बसली होती. "सवयीने बांधली," म्हणाले. शेवटी ते खुर्चीसकट स्कूटरवरून गेले आणि मी चालत.

जागा छान होती. एका बाजूला रस्ता, एका बाजूला मोठं झाड, मागे दुसऱ्यांच्या परसातल्या भिंती. मी टेपचं टोक धरत गेले, भावजी दोरी ताणत गेले, फक्की पडत गेली. दुपारपर्यंत घर झालं. मधोमध मोठी खोली, तिन्ही बाजूंना तिघींच्या खोल्या, या वेळी अगदी सारख्या, शिवणबाईने मोजून घेतल्या. चौथ्या बाजूला बाहेर जायचं दार. कुणीही आपल्या खोलीतून निघालं की मधल्या खोलीत यायचं आणि तिथून बाहेर पडायचं. पुतणीही आली होती. ती हाताची घडी घालून झाडाखाली उभी राहिली, परीक्षक उभे राहतात तशी. खुर्चीचं काय करायचं ते कोणाला कळेना. माझे गुडघे दुखत होते, म्हणून मी मधल्या खोलीत मांडून बसले. त्या घराची कर्ती काही वेळ मी होते. माझा काही उपयोग झाला नाही.

"आपापल्या खोलीत जा आणि राहून बघा," भावजी म्हणाले.

तिघी गेल्या. नर्सबाई दारातून गेली, म्हणजे फक्कीत जिथे फट ठेवली होती तिथून. ग्रंथपालबाईने तर आत जाताना चपला काढल्या. थोडा वेळ फार छान चाललं. "माझा पलंग इथे," "माझं कपाट इथे," "इथून झाड दिसतं गं!" भावजींच्या गालावर जरा रंग आला. मग शिवणबाई मधल्या खोलीत येऊन माझ्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "मशीन इथे. उजेड इथेच चांगला आहे."

"इथे?" नर्सबाईचा आवाज तिच्या खोलीतून आला. "माझ्या उशाशी?"

"मधे भिंत आहे की."

"एका विटेची! मी दुपारी झोपते, तुला माहितीये. सगळी वर्षं रात्रपाळी केली, आता मला दुपारचीच झोप लागते."

"मग मी काय रात्री शिवू?"

"दुपारी तुझं ते मशीन धडधडायला लागलं, की मला अख्खी आगगाडी अंगावरून गेल्यासारखी वाटते!"

"अगं, अजून घर नाही, भिंत नाही, मशीन नाही, आणि तुझी झोप मोडली?"

"मोडणार आहे ना! मोडेपर्यंत थांबू का?"

मग काय विचारता. माडीवरचं वर्षानुवर्षांचं साठलेलं त्या मोकळ्या जागेत बाहेर आलं. किटली कोणी करपवली, उश्या कोणाच्या अभ्र्यात गेल्या, पायात टाचणी कोणाच्या घुसली आणि कोणी 'अय्यो' म्हणायच्या आधीच 'बघून चालता येत नाही का' म्हटलं. मी मधोमध खुर्चीत. एक डावीकडून बोलायची, एक उजवीकडून, आणि दोघी म्हणायच्या, "तुम्हीच सांगा वहिनी!" रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला खाली उतरून उभा राहिला. भावजी हातातला फक्कीचा डबा छातीशी धरून उभे. माझी त्यांच्याकडे नजर गेली. पाटी उतरताना त्यांना दिसत होती, असा चेहरा.

तेवढ्यात त्यांचं लक्ष ग्रंथपालबाईकडे गेलं. ती आपल्या खोलीत, कोपऱ्यात, उघडलेली छत्री धरून उभी होती आणि रस्त्याकडे बघत होती. चेहरा असा, की लायब्ररीत कोणी बँड वाजवत शिरलाय.

"बाई, तुम्हाला जायचंय का कुठे?" भावजींनी विचारलं.

ती बोलली ते ऐकू आलं नाही. भावजी जवळ गेले आणि फक्कीच्या रेघेपलीकडे वाकले. मीही वाकले, खुर्चीतून.

"जरा बाहेर जाऊन येते म्हणत होते," ती म्हणाली.

"मग या ना."

"कुठून येऊ? बाहेरचं दार त्या खोलीत. तिथून निघाले, की दोघी मला धरतील आणि पंच करतील. माडीवर नेहमी हेच होतं. मग मी संडासात जाऊन वाचत बसते."

"अहो, पण इथून या! सरळ. ही नुसती फक्की आहे."

ग्रंथपालबाईने पायांकडे पाहिलं. "भिंत आहे, असं तुम्हीच सांगितलंत."

"ती बांधल्यावर! आत्ता ओलांडा."

"आत्ता ओलांडीन हो," ती म्हणाली. "बांधल्यावर काय करू?"

आयुष्यभर ज्या भावजींनी फाटकापासून खुर्चीपर्यंत कोण कसं येईल त्याचा विचार केला, त्यांनी कोणाला गुपचूप बाहेर पडायचं असेल याचा विचार केला नव्हता. कशाला करतील? घरातून न सांगता बाहेर जाणं हेच तर खुर्चीतून बघायचं होतं. ते त्या बाईकडे बघत राहिले, छत्रीकडे, त्या दोघींकडे. मग त्यांनी डावा पाय उचलला आणि बुटाने ती रेघ पुसायला सुरुवात केली. हातभर पुसली. थांबले, ग्रंथपालबाईच्या खांद्यांकडे बघून अंदाज घेतला आणि आणखी थोडी पुसली. बूट पांढराफटक झाला.

"हं. दार."

ग्रंथपालबाईने चपला हातात घेतल्या, त्या दारातून बाहेर पडून पायात घातल्या आणि सरळ रस्त्यावर गेली. तिथे एक मांजर कुंपणावर बसलं होतं. त्याच्याशी काहीतरी बोलली. सायकलवाल्याला वाट दिली. कोपऱ्यापर्यंत गेली, परत आली, त्याच फटीतून आत शिरली आणि मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन म्हणाली, "झालं का तुमचं? चहाची वेळ झाली."

आणि झालंच होतं की त्यांचं! ती नसताना पंच कोणाला करायचं हा प्रश्न पडल्यावर भांडणाचा जोर गेला होता. नर्सबाईने त्या पुसलेल्या जागेकडे बोट दाखवलं. "हे काय? हिलाच वेगळं दार?"

"मला पण पाहिजे," शिवणबाई म्हणाली. "मी रुसले की मला जिन्यावर जाऊन बसावं लागतं. तिथे घरमालक भेटतो, की राग डबल."

भावजींनी दुसऱ्या पायाने तिच्या खोलीचं दार पुसलं, मग नर्सबाईचं. आता दोन्ही बूट पांढरे झाले. झाडाखालून पुतणी पुढे आली. हात लावायचा नाही म्हणाली होती, पण तोंड लावू नये असं ठरलं नव्हतं. "बाबा, तीन दारं जास्तीची म्हणजे चोरांची सोय. शिवाय अवकाशाचं..." एवढं बोलून ती थांबली. मधल्या खोलीतून तिन्ही दारांकडे बघितलं, तिन्ही दारांतून मधल्या खोलीकडे बघितलं. मग नुसतं म्हणाली, "हं."

"चोराला सांगायचं," नर्सबाई म्हणाली, "आधी ठरव कोणाकडे आलायस. चुकीच्या दारात शिरलास तर सुई टोचली जाईल. दोन्हीकडे सुयाच आहेत."

पण होकार काही मिळाला नाही. "विचार करून सांगतो," म्हणून तिघी निघून गेल्या. एकाच रस्त्याने, एकाच छत्रीत, आणि त्यात पुन्हा छत्री कोणी धरायची यावरून वाद.

नंतरचे दिवस वाईट गेले, ते भावजींपेक्षा जावेचे. भावजींनी ऑफिसला जायचं सोडलं. "उद्या बसायचंच आहे तर आजपासून सवय करतो," म्हणाले आणि घरी बसून घर सुधारायला लागले. डब्यांची फळी चुकीच्या बाजूला आहे म्हणाले. भांडी घासायची जागा आणि शेगडी यांच्यात जाऊ किती पावलं टाकते ते मोजत तिच्या मागे मागे हिंडले. ती दूध गरम करायला वळली की हे अंगावर. "तू उगाच वळसा घालतेस," असं म्हणाले, तेव्हा बोळातून मला पातेलं आपटल्याचं ऐकू आलं. रोज संध्याकाळी जाऊ माझ्याकडे येऊन बसायची, आणि पाठोपाठ भिंतीपलीकडून हाक यायची, "अगं, कुठे आहेस? मला इथून दिसत नाहीयेस!"

त्या दिवसांत एकेक करून तिघी गुपचूप भावजींना भेटून गेल्या. ऑफिस बंद, म्हणून घरीच. पहिली नर्सबाई. ती म्हणाली, "दार ठेवा. पण एक करा. त्या दोघींच्या दारांच्या बिजागऱ्या जरा वाजू देत. त्या रुसून गेल्या की परत कधी येतात ते मला कळलं पाहिजे. मी झोपल्यासारखी दिसते, पण झोप लागत नाही तोवर. त्यांना सांगू नका." दुसऱ्या दिवशी शिवणबाई. तिने तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या आणि तेच सांगितलं. "त्यांचं दार करकरलं पाहिजे हो. माझ्या दाराला तेल चालेल." शेवटी ग्रंथपालबाई आली. भावजी आधीच वाकले. "बिजागरी?" त्यांनी विचारलं. ती लाजली. "कसं ओळखलंत?"

भावजी जिंदगीभर घरं देताना स्वतः फिरून प्रत्येक बिजागरीत तेल घालायचे. दार वाजलं की गवंड्यावर चिडायचे. आता त्यांनी तिन्ही दारांना करकर लिहिली. कागदावर करकर कशी दाखवायची ते त्यांना येईना, म्हणून पुतणीला विचारलं. तिने बापाच्या हातून पेन्सिल घेतली, तेव्हाच माझ्या लक्षात आलं की हिचा निम्मा निर्णय झालाय.

उरलेला निम्मा पुढच्या आठवड्यात झाला. तिघी मिळून आल्या, या वेळी उघडपणे. नर्सबाई म्हणाली, "आम्हाला पसंत आहे."

"मशीन माझ्या खोलीत," शिवणबाई म्हणाली. "मधल्या खोलीत काहीही कायमचं ठेवायचं नाही. जिला जिथे उजेड मिळेल तिथे ती बसेल."

"आणि फाटक?" भावजींनी न राहवून विचारलं. "फाटक कुठून दिसणार?"

"कोणी आलं तर हाक मारेल ना," नर्सबाई म्हणाली. "आम्ही ऐकू."

पुतणीने तिथल्या तिथे नोकरीवाल्यांना फोन लावला. येत नाही म्हणाली. भावजी दुसरीकडे बघत नाक शिंकरत होते. फक्की नाकात गेली असं सांगत होते, पण त्या दिवशी फक्की कुठे होती? पाटी राहिली. फक्त खाली आणखी एक नाव चढलं, आणि पाटी छोटी पडली म्हणून पुतणीचं नाव तिरकं लिहावं लागलं. ती म्हणाली राहू दे, तिरकंच चांगलं दिसतं.

आता मला वाटलं जाऊ सुटली. नवरा ऑफिसला जायला लागला, लेक जवळ राहिली, आणखी काय हवं? त्याच संध्याकाळी भावजी पेढीवरून उठलेल्या शेठासारखे घरी आले, आणि ती चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवून म्हणाली, "आपल्या स्वयंपाकघरालाही एक दार काढून द्या. बोळात उघडणारं."

भावजी हसले. मग ती हसत नाही असं बघून थांबले. "तुला कुठे जायचंय?"

"कुठेच नाही."

"मग दार कशाला?"

"त्या ग्रंथपालबाईंना विचारलंत का कशाला म्हणून? बूट पांढरे करून घेतलेत."

"अगं, पण आता मी ऑफिसला जाणार आहे. घरी बसतोय कुठे?"

"आज नाही. कधीतरी बसालच ना," ती म्हणाली. "त्याच्या आधी दार झालेलं बरं."

भावजी मला बोलवायला आले. टेपचं दुसरं टोक धरायला. मी गेले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्यांनी खडूने चौकट आखली. जाऊ म्हणाली, "अजून जरा रुंद." भावजी म्हणाले, "तेवढी कशाला? तू बारीक आहेस." ती म्हणाली, "मी भाजीची पिशवी घेऊन रुसेन." मग आखणी पुन्हा झाली.

गवंड्याने भोक पाडलं त्या दिवशी दाराची चौकट यायची होती, फळ्या यायच्या होत्या, नुसतं विटांचं भगदाड होतं. तरी जाऊ थांबली नाही. ती त्यातून वाकून बोळात आली, अंगावरची माती झटकली, आणि माझ्या ओसरीत येऊन बसली. मी चहा ठेवला. तिने पाय लांब करून भिंतीला टेकून डोळे मिटले.

थोड्या वेळाने भगदाडातून भावजींचं डोकं बाहेर आलं. केसांत सिमेंट. त्यांनी बोळात इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"अगं, परत येतेस ना?"

"बघते," जाऊ डोळे न उघडता म्हणाली, आणि कप माझ्यापुढे सरकवला. "ताई, अजून अर्धा असेल तर घाला."